चार वाघ, वीस बकऱ्या

रायपूरचा मूव्हमेंट ऑर्डर हातात देताना क्लार्क म्हणाला, "साहब, एनसीसी की ड्यूटी है. फॅमिली ले जाओ, आराम करो." सव्वीस वर्षांच्या नोकरीत फॅमिलीबरोबर काढलेले दिवस मोजले तर सहा-सात वर्षांच्या वर जात नाहीत. त्यामुळे घर शोधताना मी एकच अट घातली होती. संध्याकाळी पायी फिरायला जवळ जागा पाहिजे. त्या अटीपायी आम्ही तेलीबांध्याच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

ज्यांनी रायपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबईहून नागपूरवरून कोलकात्याकडे जाणारा जुना मोठा रस्ता शहराच्या मधून जातो. त्याला इथं जी. ई. रोड म्हणतात. त्याच्या काठावर तेलीबांधा तलाव आहे. बांधा म्हणजे इथल्या बोलीत बांध घालून केलेलं तळं. पूर्वी या बाजूने धमतरी आणि राजिमकडे जाणारी नॅरोगेजची छोटी रेल्वे होती, तिचं तेलीबांधा नावाचं स्टेशनही होतं. आता त्या रुळांच्या जागी रस्ता झालाय. तळ्याभोवती फरसबंद वाट, दिवे, खाण्याच्या गाड्या. लोक या सगळ्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात. मुंबई पाहिलेल्या माणसाला आधी हसू येतं, मग रोज चार फेऱ्या मारल्या की तोही तेच म्हणायला लागतो. काठावर २०१६ साली उभारलेला ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. वारा असला की कापडाची फडफड खाली ऐकू येते. फौजी माणसाची मान आपोआप वर जाते, आणि पाठही सरळ होते.

गाड्या आणि गर्दी संपते त्या टोकाला एक पिंपळ आहे आणि त्याखाली सिमेंटचा पार. तिथं रोज पाच-सहा म्हातारे बसलेले असायचे. मला वाटायचं पत्ते चाललेत. एके दिवशी जवळून गेलो तर पत्ते नव्हते. एका काकांनी विटेच्या तुकड्याने पारावर चौकोन आखला होता. चौकोनात उभ्या-आडव्या रेघा, मग दोन मोठे कर्ण, आणि शेवटी चारी बाजूंचे मध्य जोडणारा एक तिरका चौकोन. एवढं झाल्यावर त्यांनी विटेचा तुकडा खाली ठेवला आणि माझ्या बुटांकडे बघून विचारलं, "फौजी हस का?"

मी हो म्हणालो. पण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. तो पट मी याआधी एकदा पाहिला होता. एकदाच, आणि मीच तो पुसून टाकायला लावला होता.

ती गोष्ट सांगायचीच आहे. पण आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपल्याकडे याला कुठे वाघ-बकरी, कुठे वाघ-शेळी म्हणतात. नेपाळात बाघचाल. तमिळनाडूत याचाच भाऊ आहे, त्याचा पट त्रिकोणी आणि त्यात तीन वाघ असतात. पारावरचा पट पाच बाय पाचचा होता. घरात सोंगटी ठेवायची नसते, रेघा जिथं एकमेकींना मिळतात त्या ठिपक्यावर ठेवायची. असे पंचवीस ठिपके. चार कोपऱ्यांत चार वाघ. दुसऱ्या खेळाडूकडे वीस बकऱ्या, पण सुरुवातीला सगळ्या हातात, पटावर एकही नाही.

पहिली खेळी बकरीवाल्याची. तो एक बकरी कुठल्याही मोकळ्या ठिपक्यावर ठेवतो. मग वाघवाला एक वाघ रेघेवरून एक ठिपका सरकवतो. पुन्हा एक बकरी, पुन्हा वाघ. वीसच्या वीस बकऱ्या पटावर येईपर्यंत ठेवलेली बकरी हलवता येत नाही. ती जिथं ठेवली तिथं उभी. वाघाच्या शेजारी बकरी असेल आणि तिच्या बरोबर मागचा, त्याच रेघेवरचा ठिपका मोकळा असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. मागचा ठिपका भरलेला असेल तर वाघ काही करू शकत नाही. बकरीला उडी मारता येत नाही, कुणाला खाताही येत नाही. तिला फक्त उभं राहता येतं, आणि सगळ्या आल्यावर एकेक पाऊल सरकता येतं. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

ऐकायला वाघ भारी वाटतो. नवा माणूस नेहमी वाघ मागतो. मीही मागितला. काकांनी पहिली बकरी कडेच्या रेघेवर बरोबर मध्यावर ठेवली. मला तेव्हा कळलं नाही का. नंतर कळलं. कडेला उभ्या असलेल्या बकरीवरून आतून बाहेर उडी मारता येत नाही, कारण तिच्या मागे पटच संपतो. तिला फक्त कडेकडेने धोका असतो. दोन-तीन शेजारी उभ्या राहिल्या की तोही संपतो. काका कड भरत गेले. मी पटाच्या मधोमध, जिथून आठ रेघा निघतात तिथं वाघ नेऊन बसवला आणि मला वाटलं, आता सगळं मैदान माझं. एक बकरी खाल्ली, दुसरी खाल्ली. काका म्हणाले, "जल्दी झन कर." घाई करू नकोस. पण समोर मोकळी बकरी दिसली की हात थांबतो कुठं! त्या दोन बकऱ्या त्यांनी मला मुद्दाम दिल्या होत्या. त्या खाण्यासाठी माझे दोन वाघ ज्या कोपऱ्यात गेले, त्याची दारं त्यांनी एकेक करून लावून घेतली. अर्ध्या तासाने माझे चारही वाघ भिंतीला टेकले होते आणि पाराभोवतीचे म्हातारे हसत होते. "तोर बघवा फंस गे, फौजी."

छत्तीसगढीत वाघाला बघवा म्हणतात आणि बकरीला छेरी. ते दोन शब्द त्या दिवशी ऐकले आणि ओळखीचे वाटले. सतरा वर्षांपूर्वी बर्फातल्या एका बंकरमध्ये एका पोराच्या तोंडून ऐकले होते.

तर ती गोष्ट. २००५ चा हिवाळा. मी तोफखान्यातला. त्या वेळी नाईक होतो, पण आमचा हवालदार रजेवर अडकल्यामुळे तोफेची डिटॅचमेंट माझ्याकडे होती. जागेचं नाव लिहीत नाही. नियंत्रण रेषेजवळ, उंचावर, आणि डिसेंबरमध्ये रस्ता बंद झाला की मार्चपर्यंत वर असलेला वर आणि खाली असलेला खाली. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये शस्त्रसंधी झाली होती, त्यामुळे तोफा गप्प होत्या. ज्यांनी असे हिवाळे काढलेत त्यांना सांगायला नको. गोळाबारी नसते तेव्हा दिवस जास्त लांब होतो. बर्फ काढा, तोफ पुसा, चहा, पुन्हा बर्फ काढा. बाकी वेळ स्टोव्हभोवती.

डिटॅचमेंटमध्ये एक नवीन गनर होता, वीस-एकवीस वर्षांचा, महासमुंदच्या बाजूचा. फौजेत अर्ध्या लोकांना गावाच्या नावाने हाक मारतात, तसे सगळे त्याला महासमुंदच म्हणायचे. कमी बोलणारा. बोलला तर अर्धं छत्तीसगढीत. जानेवारीत निरोप आला की त्याचे वडील वारले. रस्ता बंद, हवामान खराब, हेलिकॉप्टर मिळायची शक्यता नाही. मीच त्याला सांगितलं. खांद्यावर हात ठेवला, "हिम्मत रख" म्हणालो, चहा दिला. एवढंच येतं आपल्याला. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन बर्फ काढायला सगळ्यांच्या आधी उभा राहिला. मला वाटलं, पोरगं खंबीर आहे.

तीन-एक आठवड्यांनी, दुसऱ्या दिवशी वरून साहेब येणार म्हणून मी सगळ्या जागा तपासत होतो. संध्याकाळी बंकरमध्ये शिरलो तर महासमुंद दारूगोळ्याच्या रिकाम्या लाकडी पेटीचं झाकण मांडीवर घेऊन बसलेला. झाकणाच्या आतल्या बाजूने त्याने खिळ्याने रेघा कोरलेल्या. चौकोन, त्यात चौकोन, तिरक्या रेघा. त्यावर राजम्याचे दाणे मांडलेले आणि रमच्या बाटल्यांची चार बुचं. समोर कुणी नव्हतं. एकटाच बसला होता.

मी काय पाहिलं? सरकारी मालाची खराबी पाहिली. जुगार असणार असा संशय आला. उद्या साहेबांनी हे पाहिलं तर डिटॅचमेंट कुणाची म्हणून विचारतील हे दिसलं. मी झाकण हिसकावलं, दाणे सगळीकडे उडाले. तो म्हणाला, "उस्ताद, बघवा-छेरी..." पुढचं मी बोलू दिलं नाही. पिठ्ठू बांधायला लावला आणि तोफेच्या खड्ड्यांभोवती चकरा मारायला लावल्या. त्या उंचीवर, त्या थंडीत. नंतर रात्री त्याच्याच हातून झाकण सँडपेपरने घासून घेतलं आणि वर हिरवा रंग मारून घेतला. सकाळी साहेब आले, सगळं बघून "शाबाश" म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी आमच्या आचाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. तो खेळ त्याला त्याच्या वडलांनी शिकवला होता. लग्नकार्यात, शेतात भाताची राखण करताना बाप-लेक तोच खेळायचे. वडील वारल्यापासून तो रोज संध्याकाळी एकटाच मांडायचा.

त्याचे वडील वारलेत हे मला माहीत होतं. खेळ वडलांचा होता हे माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. "ये क्या है?" एवढे तीन शब्द विचारायला किती वेळ लागतो?

आणि कळल्यावरही मी काही बोललो नाही. फौजेत सिनिअर ज्युनिअरला सॉरी म्हणत नाही, असं आम्ही मानत आलो. मार्चमध्ये रस्ता उघडला, त्याला पहिल्या गाडीने रजेवर पाठवलं. माझ्या परीने तीच माफी. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तो दुसऱ्या बॅटरीत गेला. विषय संपला असं मी धरून चाललो.

तेलीबांध्याच्या पारावर हरलो त्या रात्री जेवताना बायकोने विचारलं, "अहो, गप्प का?" मी तिला पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, कारगिलच्या वेळचं पण सांगून झालं होतं. हे कधी सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. भांडी आवरली आणि ट्रंकेतून माझ्या आजीचा सारीपाट काढून आणला. गावचं घर पाडलं तेव्हा तिने तो उचलून ठेवला होता, मला माहीतही नव्हतं.

आमच्या खटाव तालुक्यात दिवाळी झाली की आजी हा पट अंगणात पसरायची. कापडाचा, फुलीच्या आकाराचा. चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तीन रांगा, रांगेत आठ घरं. पट्टीची चोवीस, सगळी मिळून शहाण्णव, आणि मधे मोठा चौक. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघं जोडीदार, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सोंगटी चौकातून निघते, आपल्या पट्टीच्या मधल्या रांगेने खाली उतरते, मग सगळ्या पटाला बाहेरून वळसा घालते आणि परत आपल्या मधल्या रांगेने चौकात चढते. वाटेत दुसऱ्याच्या सोंगटीवर येऊन बसलात तर ती मेली, तिने पुन्हा पहिल्यापासून निघायचं. फुली मारलेल्या घरात असेल तर तिला मारता येत नाही.

दान पाडायला आमच्याकडे सहा कवड्या. दोन उताण्या पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन, असं सहापर्यंत. पण एकच उताणी पडली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. म्हणून खेळाचं नाव पचिशी. काही घरांत सात कवड्या असतात, तिथं हिशेब बदलतो. कवड्यांऐवजी लांबट फासे घेतले की तोच चौसर. त्या फाशांवर एक, दोन, पाच आणि सहा असे चारच आकडे. तीन फाशांवर एक एक्का आणि दोन छक्के पडले की पोबारा, खेळातलं मोठं दान. मराठीत आता पोबारा म्हणजे पळून जाणं. हा शब्द फाशांतून आलाय हे पळणाऱ्याला माहीत नसतं. फत्तेपूर शिक्रीला अंगणात फरशीचा भलामोठा पट आहे, आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये याच पचिशीला चौकोनात बसवून लुडो म्हणून पेटंट घेतलं गेलं. आज आमच्या रिक्रिएशन रूममध्ये जवान मोबाइलवर जो लुडो खेळतात, तो आजीच्या पटाचा नातू.

खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई पट बघायला वर आल्या. त्यांनी लहानपणी तिरीपासा खेळलेला. त्यांनी चिंचोके फोडून त्यांची शकलं दान म्हणून वापरली. एक बाजू काळी, एक पांढरी. आमच्या आजीकडे कवड्या नसल्या की तीही हेच करायची. साताऱ्याची बाई आणि रायपूरची बाई, एकीला दुसरीची भाषा निम्मी कळते, पण दान पडलं की दोघी एकाच सुरात ओरडतात. माझा नववीतला मुलगा आधी मोबाइल घेऊन लांब बसला होता. तिसऱ्या डावाला आईची सोंगटी मेली तेव्हा तो हसला, आणि मग जवळ आला.

तसं बघितलं तर मराठी माणसाला हा प्रदेश नवा नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ मध्ये वारेपर्यंत रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार बघत होते. रायपुरात तात्यापारा नावाची वस्ती आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेली मराठी घरं आहेत. पट कुणी कुणाकडून घेतला हे सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही नाही. सह्याद्रीतल्या लेण्यांच्या ओट्यांवर, गडांच्या पायऱ्यांवर असे पट कोरलेले दिसतात. पहाऱ्यावर बसलेल्या माणसाने कोरले असतील, तर त्यांच्या नाईकाने त्यांना काय शिक्षा केली असेल, असा विचार आता मनात येतो.

पारावर मी रोज जायला लागलो. कधी नवकंकरी व्हायची. एकात एक तीन चौकोन, चोवीस ठिपके, दोघांकडे नऊ-नऊ खडे, एका रेघेत तीन आले की समोरच्याचा एक उचलायचा. पण काकांचा जीव बघवा-छेरीतच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या सरकारने छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू केलं. गिल्ली-दांडा, पिट्टूल, गेडी, फुगडी, भौंरा, बांटी असे चौदा प्रकार. गावोगाव लोक उतरले, आजीबाई फुगडी घालताना पेपरात आल्या. काकांना त्याचा आनंद होता, पण एक तक्रारही होती. चौदात बसून खेळायचा पट एकही नाही. म्हणायचे, आमच्यासारख्या गुडघे गेलेल्यांनी काय करायचं?

हळूहळू मला बकऱ्या खेळायला जमू लागलं. सारीपाट आणि या खेळात मोठा फरक आहे. सारीपाटात दान वाईट पडलं म्हणून कपाळाला हात लावता येतो. आजी म्हणायची, दान आपल्या हातात नाही, सोंगटी आपल्या हातात आहे. बघवा-छेरीत दानच नाही. सगळं समोर उघडं. हरलात तर तुमच्यामुळे हरलात, फाशांवर ढकलता येत नाही. बकरीवाल्याने एकच गोष्ट शिकायची. बकरी मरते ती वाघाच्या जवळ असते म्हणून नव्हे, तिच्या मागची जागा रिकामी असते म्हणून. वाघाच्या तोंडासमोर उभी असलेली बकरीसुद्धा सुरक्षित असते, जर तिच्या पाठीशी दुसरी उभी असेल तर.

हे मला काकांनी खड्यांनी दाखवलं आणि मला तो बंकर आठवला. बाप गेलेलं पोर, तीन आठवडे, आणि त्याच्या मागची जागा माझी होती. ती मी रिकामी ठेवली होती.

जुन्या रेजिमेंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. दोन दिवसांत नंबर मिळाला. २०२१ मध्ये तो पेन्शनवर गेला होता, हवालदार होऊन. रायपुरातच एका बँकेत सुरक्षा रक्षक, माझ्या घरापासून चार किलोमीटरवर. गावी भाताची शेती, आठवड्याला जाऊन येऊन. नंबर मिळाल्यावर फोन करायला मला नऊ दिवस लागले. काय बोलायचं याची मनात रिहर्सल केली, जशी जवानांसमोर बोलण्याची करतो तशी. फोन लागल्यावर सगळं विसरलो. नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "जय हिंद, उस्ताद!" आवाज जाड झाला होता, पण "उस्ताद" तसंच.

रविवारी तो तेलीबांध्याला आला. केस पांढरे व्हायला लागलेले, बाकी तोच. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. मग मी पारावर नेलं. काकांनी पट आखून ठेवला होता. पट बघून तो थांबला.

मी म्हणालो, "उस दिन मैंने गलत किया था. चार-पाँच चक्कर लगवाए थे, तुझसे पूछा भी नहीं."

तो पटाकडे बघत म्हणाला, "ग्यारह थे, उस्ताद."

अकरा. सतरा वर्षं मी स्वतःला चार-पाच सांगत आलो होतो. शिक्षा देणारा विसरतो, चकरा मारणारा मोजतो. मी मान खाली घातली.

तो पुढे बोलला, हळू, रागाने नाही. "पिठ्ठू का दुख नहीं था. वो तो फौज है. बाज़ी अधूरी रह गई थी. पापा के बघवा, मेरी छेरी. मैं जीत रहा था."

एकटा बसून तो दोन्ही बाजू खेळत होता. वाघाच्या खेळ्या वडील खेळले असते तशा. मी आलो तेव्हा डाव मधे होता.

"मला माफ कर" हे मी मराठीतच म्हणालो. हिंदीत म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून मराठी आलं. त्याला कळलं. म्हणाला, "बैठिए. बघवा आप लीजिए."

मी वाघ घेतले. काका आणि बाकीचे म्हातारे भोवती उभे राहिले, माझा मुलगाही होता. त्याने पहिली बकरी कडेच्या मध्यावर ठेवली. मी या वेळी घाई केली नाही. तासभर डाव चालला. माझ्या वाघांनी तीन खाल्ल्या. चौथी मिळणार असं वाटलं तेव्हा तिच्या मागच्या ठिपक्यावर त्याने बकरी ठेवली. त्यानंतर मला खायला काही मिळालं नाही. दिवे लागले तेव्हा माझा शेवटचा वाघ कोपऱ्यात बंद झाला. त्याने हात जोडले, पटाला, मला नाही. मग खडे गोळा करून काकांच्या हातात दिले.

निघताना माझ्या मुलाने त्याला एक वस्तू दिली. प्लायवुडचा तुकडा घासून, त्यावर आम्ही दोघांनी मिळून रेघा कोरल्या होत्या. रंग मुद्दाम हिरवा. सोबत एका डबीत वीस राजम्याचे दाणे आणि बाटल्यांची चार बुचं. त्याने फळी उलटसुलट करून बघितली, मागची बाजू तपासली आणि तोंड गंभीर करून विचारलं, "सरकारी माल तो नहीं है न, उस्ताद?"

मी पोटभर हसलो. किती तरी दिवसांनी.

आता तो महिन्यातून दोन रविवार येतो. माझा मुलगा त्याच्याशी खेळतो आणि हरतो. पुढच्या वर्षी मी पेन्शनवर जाईन, सामान बांधून खटावला. जाण्याआधी एकदा तरी बकऱ्या घेऊन त्याला हरवायचं आहे. काका म्हणतात, "जल्दी झन कर."

हे वाचणाऱ्यांत अनेक जण आज सेक्शन सांभाळत असतील. तुमच्या बंकरमध्ये एखादं पोर कोपऱ्यात बसून झाकणावर, वहीवर, जमिनीवर रेघा ओढत असेल तर शिक्षा करायला नंतर वेळ असतोच. आधी शेजारी बसा आणि विचारा, हे काय आहे. जमलं तर वाघ घ्या. आणि हरा.